मी-मी शेरडू करतं

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझे सासरे सकाळी ओट्यावर बसून म्हणाले, "आमच्या पोटात दुखतंया." मी नवी सून. घरात जेवढी माणसं दिसली तेवढ्यांसाठी ओवा भाजला, त्यात मीठ घातलं आणि एकेकाच्या तळहातावर ठेवत गेले. कुणी काही विचारलं नाही. सासूबाईंनी खाल्ला, दिरांनी खाल्ला, डेअरीला निघालेल्या माझ्या नवऱ्यानंही दुधाची किटली खाली ठेवून खाल्ला. दुखत होतं ते एकट्या सासऱ्यांचं पोट, हे मला दुपारी कळलं. तोवर बाकीच्यांनाही जरा बरं वाटायला लागलं होतं.

माझं माहेर इंदापूरचं, गावातलं. आमच्याकडे "मी" सढळ हाताने वापरायचे. मी सांगते, मी नाही करणार, मलाच का, असं सकाळपासून चालू व्हायचं. भांडणं भरपूर व्हायची, पण प्रत्येकाला आपापलं पोट होतं. सासरची वस्ती बारामती-इंदापूर रस्त्यापासून आत, कालव्याच्या कडेला. ही माणसं मूळची सुप्याकडची, मेंढरं राखणारी. आजेसासऱ्यांनी मेंढरं विकून इथं पाण्याखालची जमीन घेतली. आता भेंडी, कारली, दोडका पिकवतात आणि क्रेट भरून बारामतीच्या मार्केटला घालतात. मेंढरं गेली, कळपाची चाल तेवढी राहिली. जेवताना एकाने हात धुतला की बाकीचे अर्धी भाकरी टाकून उठतात. मी नवीन असताना कितीतरी दिवस अर्धपोटी होते.

एकदा मी सासऱ्यांना, म्हणजे आबांना, सरळ विचारलं, की तुम्ही कुणीच स्वतःला "मी" का म्हणत नाही? आबा हसले. जगात इतकी साधी गोष्ट न कळणारी माणसं असतात याचं त्यांना नवल वाटलं असावं.

"मी-मी शेरडू करतं, सूनबाई," ते शेळीच्या करडासारखा आवाज काढत म्हणाले. "म्हणून आधी त्येच कापत्यात."

मी बारामतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवते. कुठल्या मुलखात माणूस स्वतःला एकटा समजतो, कुठल्या मुलखात घोळक्यातला समजतो, आणि त्यावरून त्याचं वागणं कसं ठरतं, असा एक धडाच आहे. मी तो दरवर्षी जीव तोडून शिकवते. मुलं सगळं उतरवून घेतात आणि "तुमचे मत लिहा" या प्रश्नाला "आम्हांला असे वाटते की" अशी सुरुवात करतात. मी गुण कापते. घरी येऊन आबांना ऐकवते. आबा म्हणतात, "बराबर लिवलंय की पोरांनी."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते दिरांच्या नोकरीपर्यंत.

दिरांना मी भाऊजी म्हणते. ते लोणी देवकरच्या एका कारखान्यात कंत्राटावर कामाला होते. गाडीच्या दाराला जे रबर बसतं, ते तिथं बनतं. मालक कोरियातला. दिवाळीला कंत्राट संपणार होतं आणि नवं निघणार नव्हतं. एकच जागा पक्की निघाली होती, लाईनच्या मुख्याची. जो निवडला जाईल तो राहणार, बाकीचे घरी. जाऊबाई पहिल्या बाळंतपणाला डाळजला माहेरी गेलेल्या, दिवाळीच्या सुमारास निरोप येईल अशी स्थिती. भाऊजींनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी मात्र ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, चौकटीचं लाकूड नखानं खरवडत.

"वैनी, ही जागा पायजे हाय."

"कुणाला?" मी मुद्दामच विचारलं.

त्यांनी बराच विचार केला. "आमाला," म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. कारण निवड मुलाखतीवर होती आणि मुलाखत घ्यायला पुण्याहून एक तरुण येणार होता. त्याची पद्धत आधीच कळवलेली होती. उमेदवाराने जे सांगायचं ते "मी"नं सांगायचं. मी काय केलं, मी काय ठरवलं, मी काय सुधारलं. "आम्ही"ला गुण नाहीत. कारखान्यातल्या आमच्याकडच्याच एका अधिकाऱ्याने मला फोन केला, की मॅडम, पोरं बोलायला भितात, जरा तयारी करून घ्या, आणि मुलाखतीलाही येऊन बसा, मानसशास्त्राचं एक माणूस बसवायला सांगितलंय. मी म्हटलं, उमेदवारांत माझे सख्खे दीर आहेत, बरं दिसणार नाही. ते म्हणाले, "म्याडम, ह्या तालुक्यात कोण कुणाचं न्हाय? बिननात्याचं माणूस बघायचं म्हटलं तर नागपूरवरनं आणाय लागंल." गुण द्यायचे नाहीत आणि तोंड उघडायचं नाही, एवढ्या अटीवर मी कबूल झाले.

शिकवणी संध्याकाळी ओट्यावर सुरू झाली. बाकीच्या उमेदवारांनी दोन दिवस हजेरी लावली, मग ते एकजुटीने यायचे बंद झाले. उरले भाऊजी. मी म्हणायचे, म्हणा, मी भट्टी तपासतो. ते म्हणायचे, आमी भट्टी तपासतो. मी म्हटलं, एकटेच असता ना तुम्ही भट्टीपाशी? ते म्हणाले, व्हय, आमी एकटंच असतो.

मी त्यांना आरशासमोर उभं केलं. आरशात बघून "मी" म्हणा, म्हटलं. त्यांनी घसा साफ केला, "मी" म्हणाले आणि झटकन मागं वळून पाहिलं, कोण बोललं ते.

शेवटी मला राग आला. मी रागीट आहे, ते काही लपून नाही. दारात कारल्याचे क्रेट भरून ठेवलेले होते. मी एक कारलं घेतलं, चकत्या केल्या, ताटली पुढं ठेवली आणि सांगितलं, की एकदा "आमी" निघालं की एक चकती, कच्ची, चावून खायची. पुस्तकात याला मोठं नाव आहे. आमच्याकडे त्याला कारलं म्हणतात. भाऊजींनी निमूट खायला सुरुवात केली. "आमी" म्हणायचे, हात आपोआप ताटलीकडे जायचा, चकती तोंडात, तोंड वाकडं, की पुढचं वाक्य. काही दिवसांनी "आमी" म्हणण्याआधीच हात निघायला लागला. तरी "मी" काही येईना. एकदा मी कळवळून विचारलं, कडू लागत नाही का हो? तर म्हणाले, "आमाला आवडतं," आणि आणखी एक उचलली.

आणि इथंच एक गोष्ट माझ्या हिशेबाबाहेर घडली. शिकवणी चालू असताना सासूबाई पलीकडे बसून भेंडी निवडायच्या. मान खाली, हात चालू. त्या ऐकत असतील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. एका सकाळी मी सगळ्यांचा चहा आणला. सासूबाईंनी घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मला बिनसाखरेचा लागतो."

आबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की बैल बोलला असता तरी त्यांना कमी नवल वाटलं असतं. सासूबाई या घरात नांदायला आल्यापासून सगळ्यांसारखाच गोड चहा पीत होत्या.

"मग इतकी वर्सं?" आबांनी विचारलं.

"इचारलं कुणी?" सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतर त्यांना कुणी आवरू शकलं नाही. मला भेंडी आवडत नाही, भेंडी पिकवणाऱ्या घरात त्यांनी जाहीर केलं. मी पंख्याखाली निजणार. मला तुमच्या बहिणीच्या घरचं लग्न जमणार नाही. हा शेवटचा बाण आबांच्या वर्मी लागला, कारण तोवर त्या घरात लग्नाला जाणं म्हणजे श्वास घेण्यासारखं होतं, त्यात कुणाला जमायचं-न जमायचं काय? एके दिवशी त्या लुगडं बदलून निघाल्या. मी बारामतीला चाललेय, म्हणाल्या. माझ्या नवऱ्यानं विचारलं, काम काय? काही नाही, म्हणाल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा आम्ही सगळे ओट्यावर वाट बघत बसलेलो. बाजार नाही, दवाखाना नाही, कुणाचं घर नाही. त्या बसस्टँडवर बसल्या होत्या.

"गाड्या बघितल्या," त्या म्हणाल्या. "चांगलं वाटलं मला."

मला हसू आलं. आबा उठून बाहेर गेले. मी शिकवत होते मुलाला आणि शिकली आई. रात्री जेवताना आबा कुणाकडे न बघता एवढंच म्हणाले, की घरात शेरडं वाढायला लागली.

मुलाखतीच्या दिवशी भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला. मोटारसायकलवर मागे मी. वाटेत हायवेला लागल्यावर मी ओरडून विचारलं, आज काय म्हणायचं? वाऱ्यातून उत्तर आलं, "मी." चांगलं ठणठणीत आलं. मला आशा वाटली.

खोलीत थंडगार एसी, लांब टेबल, टेबलापलीकडे पुण्याचा तरुण, कोरियाचे साहेब आणि आमच्याकडचे अधिकारी. मी कोपऱ्यात, तोंड बंद. तरुण मुलगा वाईट नव्हता. सभ्य होता, त्याचं मराठी स्वच्छ होतं, आणि त्याला त्याच्या पद्धतीवर आपल्याकडे डॉक्टरच्या सुईवर असतो तसा विश्वास होता. साहेब वयानं आबांच्या जवळपासचे. त्यांना इंग्रजी थोडं यायचं आणि मराठी "पाणी" आणि "उद्या" एवढंच. टेबलावर भाऊजींच्या समोर, नको तिथं, एक बिस्किटांची बशी होती.

तरुणाने सांगितलं, स्वतःबद्दल बोला.

"मी," भाऊजी म्हणाले. स्पष्ट, खणखणीत. मी कोपऱ्यात मुठी आवळल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आम्ही "मी"चा सराव केला होता, त्याच्या पुढच्या वाक्याचा नाही. भाऊजींना घाम फुटला. "मी," ते पुन्हा म्हणाले, आणि मग धरण फुटलं. "आमचं मूळ सुप्याकडचं. आमच्या आज्यानं मेंढरं इकली..." आणि "आमचं-आमच्या" निघाल्याबरोबर हात पुढं गेला, बशीतलं एक बिस्किट उचललं आणि तोंडात टाकलं. चेहरा वाकडा. बिस्किट गोड होतं, तरी वाकडा.

तरुणाने विचारलं, तुमच्यामुळे लाईनवर काय सुधारलं? आमी रबर कापायची पद्धत बदलली, बिस्किट. आम्ही म्हणजे कोण? आमीच की, बिस्किट. तुमचा स्वतःचा वाटा किती? आमचा सगळ्यांचा सारखाच, बिस्किट, आणि हे गिळताना ठसका. तरुण लिहीत होता. अधिकाऱ्यांनी छताकडे नजर लावली होती. मी मनातल्या मनात ज्याने ही विद्या शोधली त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती विद्या बारामतीत मी शिकवते, हेही तेव्हा मला आठवत होतं.

साहेब मात्र खूश दिसले. त्यांनी बशी भाऊजींकडे आणखी सरकवली आणि इंग्रजीत म्हणाले, की अवर वाईफला पण हीच बिस्किटं आवडतात.

तरुणाने हळूच दुरुस्त केलं, माय वाईफ.

"येस," साहेब म्हणाले. "अवर वाईफ."

मला न राहवून मी तोंड उघडलं आणि भाऊजींना सांगितलं, की साहेब म्हणतायत, आमच्या बायकोलाही आवडतात. तरुण कावराबावरा झाला. त्याला वाटलं, एवढ्या मोठ्या साहेबाची भाषेची चूक आता कशी झाकायची? भाऊजींना यात काहीच वावगं वाटलं नाही. "आमची बी गोडच खाती," ते म्हणाले. "सध्या डाळजला हाय." पुढं साहेबांनीच हातवारे करून उलगडून सांगितलं, की त्यांच्या भाषेत बायको काय, आई काय, घर काय, सगळं "आमचं"च असतं. "माझं" म्हणणं कानाला बरं लागत नाही. हजारो मैलांवरून आलेला माणूस आणि आमचा सुप्याकडचा, दोघं एकमेकांकडे बघून मान डोलवत होते, आणि त्या दोघांची परीक्षा घेत होता आपला पुण्याचा मुलगा. मला वाटलं, झालं, आता जागा आपलीच.

मग तरुणाने शेवटचा प्रश्न विचारला. लाईनवर झालेली एखादी मोठी चूक सांगा.

चूक मला ठाऊक होती. घरी महिनाभर तीच चर्चा होती. उन्हाळ्यात भट्टीवर बसलेल्या एका गड्याचा डोळा लागला आणि सगळा माल करपला. भाऊजी त्या वेळी दुसऱ्या टोकाला होते. त्या गड्याचं नाव त्यांनी आम्हाला घरी सांगितलेलं नव्हतं, कारखान्यात वरच्यांना तर नाहीच.

भाऊजी ताठ बसले. हात मांडीवर ठेवले. बशीकडे बघितलंसुद्धा नाही.

"भट्टीवर माल करपला," ते म्हणाले. "ती चूक मी केली."

ना अडखळणं, ना घसा साफ करणं. कारली खाऊन जो शब्द आला नव्हता, तो असा सहज आला. माझ्या अंगावर काटा आला. आणि लगेच इतका राग आला, की उठून त्यांना गदागदा हलवावं. सगळं आयुष्य तो शब्द जपून ठेवला, आणि खर्च कुठं केला? तरुणाने तो प्रामाणिकपणे लिहून घेतला. अधिकाऱ्यांनी ते वाक्य साहेबांना इंग्रजीत सांगितलं, तसा साहेबांनी उठून भाऊजींचा हात दोन्ही हातांत धरला.

निकाल साहेबांच्या हातात नव्हता. गुण पुण्यात मोजायचे होते. दोन-तीन दिवसांनी त्या अधिकाऱ्यांचा मला फोन आला. मार्कांत असं निघालं होतं, की कामं सगळी दुसऱ्यांनी केली आणि चुका तेवढ्या यांनी. पुढारपणाचा गुण कमी. साहेबांनी विचारायचा प्रयत्न केला, तर त्यांना सांगण्यात आलं, की ही पद्धत तुमच्याच हेड ऑफिसनं विकत घेतलीय. जागा ज्याला मिळाली, त्यानं प्रत्येक वाक्यात तीनदा "मी" घातला होता म्हणे.

मी घरी कुणाला सांगितलं नाही. भाऊजींनीच सांगावं, असं वाटलं. संध्याकाळी ते कामावरून आले. आम्ही सगळे ओट्यावर. सासूबाई भेंडी निवडत होत्या. भाऊजींनी मोटारसायकल उभी केली, हेल्मेट काढलं आणि ते दोन्ही हातांत धरून अंगणातच उभे राहिले, वर आले नाहीत.

"मी नापास झालो," ते म्हणाले.

त्या घरात ते वाक्य फार उघडं वाटलं. एवढा मोठा गडी अंगणात एकटा उभा होता, आणि मी त्याला एकटं उभं राहायला शिकवलं होतं. मला रडू आलं. माझा नवरा दुसरीकडे बघायला लागला.

आबा बसल्या जागेवरून उठले. "तू कसला नापास हुतोस?" ते म्हणाले. "आमी झालो नापास."

"आमीच झालो," माझा नवरा म्हणाला.

मी इंदापूरची. माझ्या माहेरी कुणी नापास झालं तर तो त्याचा त्याचा प्रश्न असायचा. पण माझ्याही तोंडून निघून गेलं, की आपण झालो नापास. भाऊजी पायरी चढून वर आले.

"माझं नाव त्यात घालू नका," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही, हात भेंडीवर चालूच. "मी पास झालीया."

मग भाऊजी हसले. पहिल्यांदा बारीक, मग हेल्मेट पोटाशी धरून वाकून हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. ते आईशेजारी खाली बसले आणि तिच्या ताटातली भेंडी निवडायला लागले. दिवाळीनंतर काय, हे कुणी बोललं नाही. सगळ्यांना तेच दिसत होतं.

आबा आत गेले. भांड्यांचा आवाज आला. मी उठणार, तर नवऱ्यानं हातानं थांबवलं. त्या घरात पुरुषाने गॅस पेटवलेला मी तोवर पाहिला नव्हता. थोड्या वेळानं आतून आबांचा आवाज आला, साखर कुणाला किती?

"आमाला दोन चमचे," भाऊजी म्हणाले.

आबांनी सगळ्या कपांत दोन-दोन चमचे घातले. एक सोडून.